चौतीस आणि सात

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. पहिल्या पानावर तारीख नाही. सोळाव्या वर्षी तारीख टाकायचं कुठे सुचतं? पण ते पान १९७३ च्या एप्रिलमधलं आहे हे मी शपथेवर सांगते. अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, परीक्षा झाली होती, निकालाला वेळ होता, आणि पुण्यात मुलींच्या क्रिकेटची पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली होती. संघ तीन: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. नाव राष्ट्रीय आणि संघ तीन, यावर आमच्या वाड्यात दोन दिवस करमणूक झाली. "तिसरा नंबर तर कुठं जात नाही," असं म्हणत दादा मला सायकलवर डबलसीट घेऊन गेला.

दादा पेठेतल्या एका क्लबकडून खेळायचा. त्याची बॅटिंग चालू असताना वही सांभाळायला कुणी मिळेना, म्हणून त्याने मला अकराव्या वर्षीच स्कोअर लिहायला शिकवलं होतं. पुस्तकी मराठीत या कामाला गुणलेखन म्हणतात; मैदानावर म्हणाल तर लोक तोंडाकडे बघतात. धाव नसेल तर टिंब. षटकात सहाही टिंबं पडली की ती रेघांनी जोडून इंग्रजी एम काढायचा. एम कशाचा, तर मेडनचा. आणि मेडन म्हणजे कुमारिका हे कळल्यावर मी इतकी हसले की दादाने टपली मारली. मराठीने तिथे बाजी मारली आहे: निर्धाव षटक. फलंदाज आणि गोलंदाज हे शब्दही आपल्याकडे पहिल्यापासून बाई-बुवा न पाहणारे. क्रिकेटचे नियम लिहिणाऱ्या इंग्रजांना 'बॅट्समन' खोडून 'बॅटर' करायला २०२१ साल उजाडलं. 'सामनावीर' या शब्दाने मात्र आपल्याकडे घोळ घातला आहे, तो अजून कुणाला सोडवता आलेला नाही.

त्या दिवशी अधिकृत वही टेबलावर एका गृहस्थांपुढे होती. मी दोरीबाहेर गवतात बसून माझी वेगळी लिहीत होते. आज ते पान उघडलं की गोलंदाजांच्या रकान्यात नावांऐवजी 'लांब वेणी', 'चष्मा', 'डावखुरी' असं दिसतं. नावं सांगणारं कुणी नव्हतं. शेजारचे लोक "बाई बॉल कसा टाकते बघू" म्हणून आले होते, आणि बऱ्याच जणांना तासाभरात कळलं की बाई तो पुरुषासारखाच, हात वरून फिरवून टाकते. मग त्यातले निम्मे निघून गेले. उरलेले निम्मे ओरडायला लागले. तेच खरे प्रेक्षक.

या स्पर्धेमागे लखनौचे महेंद्रकुमार शर्मा हे गृहस्थ होते. रिक्षाला कर्णा बांधून गल्लोगल्ली मुलींच्या सामन्याची दवंडी पिटणारा हा माणूस. त्यांनीच १९७३ मध्ये लखनौला भारतीय महिला क्रिकेट संघटना नोंदवली, बेगम हमीदा हबीबुल्ला अध्यक्ष झाल्या. पुढे कराडच्या प्रेमलाकाकी चव्हाणांनीही संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं. मुंबईत आलू बमजींचा 'अल्बीज' हा मुलींचा क्लब आधीपासून होता, त्यामुळे मुंबईचा संघ तयार मिळाला. त्याच १९७३ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये क्रिकेटचा पहिला विश्वचषक खेळला गेला. हो, पहिला. बायकांचा. पुरुषांचा १९७५ मध्ये, दोन वर्षं मागून आला. भारत त्यात नव्हता. आमची संघटना नुकती पाळण्यात होती. पण पाळण्यातलं पोर किती भराभर वाढलं ते पाहा: वर्षअखेरीस वाराणसीच्या दुसऱ्या राष्ट्रीय स्पर्धेला आठ संघ, कलकत्त्याच्या तिसऱ्या स्पर्धेला चौदा.

१९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचविशीखालचा संघ आला. पुणे, दिल्ली आणि कलकत्ता असे तीन सामने झाले आणि तिन्हींना भारताच्या कर्णधार वेगवेगळ्या: पुण्यात उज्ज्वला निकम, नंतर सुधा शाह आणि श्रीरूपा बोस. या सामन्यांना कसोटीचा दर्जा नाही, म्हणून अधिकृत आकड्यांत ते येत नाहीत. माझ्या वहीत पुण्याची नऊ पानं आहेत. एव्हाना मी नावं विचारायला शिकले होते.

खरी कसोटी ३१ ऑक्टोबर १९७६ ला बंगळुरूत सुरू झाली, वेस्ट इंडीजविरुद्ध. कर्णधार शांता रंगास्वामी. त्या सामन्यात आमच्या पुण्याच्या शुभांगी कुलकर्णीने लेगस्पिनवर पाच बळी घेतले. तिच्या संघाची ती पहिली कसोटी, तिची स्वतःचीही पहिलीच. पुण्यात तोवर लेगस्पिन हा कळकट टोपी घातलेल्या काकालोकांचा प्रांत समजला जायचा. पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजच्या पटांगणावर मुली एकमेकींना गुगलीची पकड दाखवताना मी पाहिल्या आहेत.

त्या मालिकेत किती कसोट्या होत्या याचा अंदाज करा. सहा. बंगळुरू, मद्रास, दिल्ली, पाटणा, लखनौ, जम्मू. दक्षिणेतून निघून थेट जम्मूपर्यंत, रेल्वेने. पाटण्याला मोइन-उल-हक स्टेडियमवर पंचवीस हजारांहून जास्त लोक आले आणि भारताने पहिली कसोटी जिंकली. जम्मूला वेस्ट इंडीजने हिशेब चुकता केला. बाकी चार अनिर्णित, मालिका एक-एक. पाटण्यानंतरचा पुढचा कसोटी विजय कधी मिळाला? २००२ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत पार्ल इथे, अंजुम चोप्राच्या नेतृत्वाखाली. पाटण्याला गोलंदाजी केलेल्या मुलींच्या मुली तोवर कॉलेजात गेल्या असतील.

आता प्रवासाचं सांगते, कारण स्कोअरबुकात त्याला रकाना नसतो. मी खेळाडू म्हणून सुमार होते. नजर चांगली, पाय जड. पण वही स्वच्छ लिहिते म्हणून दोन हंगाम एका संघाबरोबर फिरले. अनारक्षित डब्यात चढायची आमची पद्धत ठरलेली होती. सर्वात काटकुळी मुलगी खिडकीतून आत घालायची, तिने बाकावर आडवं पडून "इथे पेशंट आहे" म्हणून कण्हायचं, तोवर बाकीच्यांनी किटबॅगा आणि होल्डॉल दारातून ढकलायचे. खायला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. दुसऱ्या दिवशी दशम्या संपायच्या, चटणी चौथ्या दिवसापर्यंत पुरायची. मुक्काम शाळेच्या वर्गात. बाकं भिंतीला सारून जमिनीवर वळकट्या पसरायच्या, आणि फळ्यावर आदल्या दिवसाचं गणित तसंच असायचं. एकदा आमच्या यष्टिरक्षिकेने रात्री उठून ते सोडवलं. सकाळी गुरुजी आले, त्यांनी उत्तर बरोबर असल्याची खूण केली आणि काही न बोलता गेले.

बॅटा कमी. हे सगळ्या जुन्या खेळाडू सांगतात, अगदी भारताकडून खेळलेल्यासुद्धा: संघात तीन बॅटा. दोन सलामीच्या जोडीकडे, एक तिसऱ्या क्रमांकाच्या हातात. बाद झालेली परत येताना बॅट मैदानातच पुढच्या मुलीच्या हाती द्यायची. आमच्याकडे तर एकच बरी बॅट होती आणि ती आमच्या कप्तानाच्या मामाची होती, त्यामुळे कप्तान बाद झाली की मामाची बॅट तंबूत यायची आणि धावगती पडायची. वहीत हे मी समासात बारीक अक्षरात नोंदवून ठेवलं आहे: 'मा.बॅ. परत'.

तिसऱ्या हंगामाला मी गेले नाही. तोवर एका बँकेत चिकटले होते. पुरुष खेळाडूंना खेळासाठी खास रजा मिळायची. माझ्या अर्जावर साहेबांनी लिहिलं, 'अर्जदार खेळत नाही, लिहिते.' तांत्रिकदृष्ट्या साहेब बरोबर होते. राग अजून आहे.

१९७८ च्या जानेवारीत विश्वचषक थेट भारतात भरला. चार संघ, सामने कलकत्ता, जमशेदपूर, पाटणा, हैदराबाद. भारताची कर्णधार मुंबईची डायना एदलजी. तिन्ही सामने हरलो. त्यावर मी जास्त लिहीत नाही. एकदिवसीय सामना कशाशी खातात हेच आम्हाला ठाऊक नव्हतं, भारताने पहिला एकदिवसीय सामनाच त्या स्पर्धेत खेळला.

डायनाबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. डावखुरी फिरकी, तोंडाने फटकळ. १९८६ च्या इंग्लंड दौऱ्यात लॉर्ड्सच्या पॅव्हेलियनमध्ये तिला शिरू दिलं नाही. बाईमाणूस आत चालत नव्हतं. त्यावर तिने तिथल्या क्लबच्या एमसीसी या आद्याक्षरांतलं शेवटचं अक्षर बदलून असं काही म्हटलं की ते मराठीत छापण्यासारखं नाही, पण अर्थ पुरुषी डुकरांच्या जवळपास जातो. त्याच दौऱ्यात वूस्टरला इंदूरच्या संध्या अगरवालने १९० धावा काढल्या. इंग्लंडच्या बेटी स्नोबॉलच्या १८९ धावांचा विक्रम १९३५ पासून अभंग होता. एक्कावन्न वर्षांचा विक्रम एका धावेने मोडला. माझ्यासारख्या वहीवालीला हे वाचून झोप लागत नाही: त्या १९० पैकी नेमकी कुठली एक धाव चोरटी होती?

डायनाचं दुसरं काम बळींच्या रकान्यात येत नाही. माधवराव शिंदे रेल्वे राज्यमंत्री होते तेव्हा तिने पाठपुरावा करून रेल्वेत महिला खेळाडूंना नोकऱ्या आणि रेल्वेचा स्वतंत्र संघ मिळवला. ज्या रेल्वेच्या अनारक्षित डब्यात आम्ही पेशंट होऊन झोपलो, तीच पुढे मुलींना महिन्याच्या महिन्याला पगार द्यायला लागली. घरच्यांचा सूर यामुळे जेवढा बदलला तेवढा कुठल्या शतकाने बदलला नसेल. "खेळून काय मिळणार" या प्रश्नाला "रेल्वेत परमनंट" हे उत्तर होतं, आणि त्याच्यापुढे कुठल्याच बापाचं काही चालत नसे. मिताली राज रेल्वेची. हरमनप्रीत कौरला मुंबईत पश्चिम रेल्वेत नोकरी लागली ती डायनाच्याच खटपटीने.

पण संघटनेला मी देव्हाऱ्यात बसवायला निघालेली नाही. १९८६ च्या त्या इंग्लंड दौऱ्यानंतर भारताची पुढची कसोटी थेट १९९१ मध्ये, ऑस्ट्रेलियात. मधला १९८८ चा विश्वचषक भारत खेळलाच नाही. वीस ते पंचवीस हीच ज्यांची खेळायची वर्षं होती, त्या मुलींची ती वर्षं कुणी परत दिली? पैसा नव्हता हे खरं, आणि पैसा नसतो तिथे भांडणं जास्त असतात हेही खरं. पुढे सुनीलची बहीण नूतन गावस्कर संघटनेची सचिव झाली. न्यूझीलंडच्या एका दौऱ्यात हॉटेलला पैसे नाहीत म्हणून मुली तिथल्या भारतीय कुटुंबांकडे उतरल्या, हे तिने स्वतःच सांगितलं आहे. सचिवाने असं उघड सांगावं, याला मी मान देते. आपल्याकडे उसनवारीचं कुणी बोलत नाही.

बँकेने नव्वदच्या दशकात माझी बदली मुंबईला केली. १६ डिसेंबर १९९७, मंगळवार. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली (यावेळी कारण 'वैयक्तिक' लिहिलं) आणि वांद्रे पूर्वेच्या एमआयजी मैदानावर गेले. विश्वचषकाचा सामना होता, ऑस्ट्रेलिया आणि डेन्मार्क. बेलिंडा क्लार्क नावाच्या कर्णधाराने नाबाद २२९ धावा काढल्या. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधलं हे पहिलं द्विशतक, बायकांचं आणि बुवांचंही. ऑस्ट्रेलिया ३ बाद ४१२, डेन्मार्क सर्वबाद ४९. मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर साहित्य सहवास आहे, जिथे सचिन तेंडुलकर लहानाचा मोठा झाला. त्याने ग्वाल्हेरला द्विशतक केलं २०१० मध्ये. त्या रात्री टीव्हीवर 'जगातलं पहिलं' ऐकून मी आमच्या ह्यांना वहीतलं पान दाखवलं. ते म्हणाले, "ते वेगळं." मी विचारलं, काय वेगळं? पंच तेच, खेळपट्टी बावीस यार्डांचीच. ते झोपायला गेले.

२००२ मध्ये टाँटनला मितालीने २१४ धावा काढून कसोटीतला जागतिक विक्रम केला. २००५ मध्ये ती कर्णधार असताना भारत दक्षिण आफ्रिकेत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचला, ऑस्ट्रेलियाकडून हरला. त्या स्पर्धेचं मानधन सामन्याला एक हजार या हिशेबाने एकूण आठ हजार रुपये मिळाल्याचं मितालीने मुलाखतीत सांगितलं आहे. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय पातळीवर महिलांची संघटना आयसीसीत विलीन झाली, आणि २००६ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे महिला क्रिकेट बीसीसीआयच्या छत्राखाली आलं. त्या वेळी सचिव होती शुभांगी कुलकर्णी, तीच, बंगळुरूची लेगस्पिनर. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीसुद्धा. आता आरक्षित डबा, आता हॉटेल, आता प्रत्येकीची स्वतःची बॅट.

हे सगळं मिळालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. विमानं मिळाली, जुन्या खेळाडूंना निवृत्तिवेतन मिळालं, २०१५ मध्ये वार्षिक करार सुरू झाले, २०२२ मध्ये सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं, २०२३ पासून लीग आली. माझी तक्रार एका रकान्यापुरती आहे, पण तो रकाना माझ्या वहीतला सर्वात मोठा आहे. कसोटीचा.

मी मोजून सांगते. १९७६ ते २००६ या तीस वर्षांत, विना पैशाच्या, वळकट्या बांधून फिरणाऱ्या संघटनेने भारताच्या मुलींना चौतीस कसोट्या खेळायला दिल्या. २००७ पासून २०२४ संपेपर्यंतच्या अठरा वर्षांत, जगातल्या सर्वात श्रीमंत क्रिकेट मंडळाने दिल्या सात. २००६ मध्ये टाँटनला कसोटी जिंकून मितालीने इंग्लंडमधली मालिका घेतली होती. पुढची कसोटी २०१४ मध्ये, वर्म्सलीला. कर्णधार मितालीच, आणि अकरापैकी आठ जणींची ती पहिली कसोटी! तीही जिंकली. त्या वर्षीची म्हैसूरची कसोटी धरली, तर तिच्यानंतर पुन्हा २०२१ पर्यंत काही नाही. झूलन गोस्वामीसारखी वेगवान गोलंदाज पिढीतून एकदा मिळते, आणि तिच्या ऐन उमेदीची वर्षं या भगदाडात गेली. दुसऱ्या देशांनीही कसोट्या कमी केल्या हे मला ठाऊक आहे. इतर घरी चूल पेटत नाही म्हणून कोठार भरलेल्या घराने उपाशी झोपावं, हे कुठलं शहाणपण? कसोटीला आज एका खेळाडूला पंधरा लाख मिळतात. पंधराला शून्याने गुणलं की काय येतं ते त्या वर्गातल्या फळ्यावरच्या गणितापेक्षा सोपं आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर इंग्लंडविरुद्ध कसोटी झाली तेव्हा मी सहासष्ट वर्षांची होते. गुडघ्याला पट्टा, पिशवीत पाण्याची बाटली, पोह्यांचा डबा आणि वही. दीप्ती शर्माने पहिल्या डावात ७ धावांत ५ बळी घेतले. माझ्या वहीत त्या जागी टिंबांची रांगोळी आहे. भारत ३४७ धावांनी जिंकला, महिला कसोटीतला धावांनी सर्वात मोठा विजय. शेजारी बसलेल्या दोन शाळकरी मुलींनी मी काय करते ते विचारलं. टिंबांचा एम कसा होतो ते दाखवल्यावर एकजण म्हणाली, "आजी, हे मोबाइलवर येतं की!" येतं, म्हटलं. पण १९७३ चं येत नाही.

त्याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ ला, पावसाने दोन तास खाल्ल्यानंतर, भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. शेफाली वर्मा ८७, दीप्तीचे पुन्हा पाच बळी, शेवटचा झेल हरमनप्रीतचा. तीन दिवस आधी उपांत्य सामन्यात वांद्र्याच्या जेमिमाने नाबाद १२७ धावा काढून ऑस्ट्रेलियाला पाणी पाजलं होतं. सांगलीची स्मृती मंधाना, मुंबईचा प्रशिक्षक अमोल मुजुमदार. घराघरात जल्लोष झाला, आमचे हे खुर्चीतून उठून नाचले. मुलींनी तो चषक नेऊन मिताली, झूलन आणि अंजुम यांच्या हातात दिला, तेव्हा मी लिहायची थांबले. शेवटच्या षटकानंतरचं माझं पान अर्धं कोरं आहे.

आता एक मागणं. ज्या क्लबसाठी मी दोन हंगाम वह्या लिहिल्या, त्यांनी जागा बदलताना माळा रिकामा केला आणि त्या वह्या किलोवर गेल्या. माझ्याकडे उरली ती माझी खासगी प्रत. पुण्यात, कोल्हापुरात, दादर-माटुंग्यात, नागपुरात कुणाची आई, आत्या, मावशी १९७३ नंतरच्या काळात क्रिकेट खेळली असेल, तर तिच्या ट्रंकेत बघा. स्कोअरबुक असेल, संघाचा फोटो असेल, सहभागाचं प्रमाणपत्र असेल. रद्दीत घालू नका. फोटोत कोण कोण आहे ते तिच्याकडूनच विचारून मागे लिहून घ्या, पेन्सिलीने, तारखेसकट. 'लांब वेणी' आणि 'चष्मा' यांची नावं मी अजून शोधते आहे.